पाचशे किलोंचा हट्ट

नवी मुंबई हे वजनावर जगणारं शहर आहे. कळंबोलीत लोखंड टनावर विकतात, तुर्भ्याला कांदा गोणीवर, आणि न्हावाशेव्याला तर आख्खा कंटेनर उचलून मोजतात. सकाळी पाम बीच रोडला चालायला येणारी मंडळी वजन कमी करायला निघालेली असतात, पण तो उद्योग वेगळा आणि बहुतांशी तोट्यातला. बाकी सगळीकडे नियम एकच : वजन जास्त, तर पैसे जास्त. अशा शहरात एखाद्याने दुकानात जाऊन, "यापेक्षा कमी वजनाचं दाखवा, पैसे जास्त लागले तरी चालतील," असं म्हटलं की दुकानदार आधी त्याच्याकडे बघतो आणि मग त्याच्यासोबत आलेल्या माणसाकडे. सोबत आलेला माणूस बहुतेक वेळा मी असायचो.

मेहुण्याला घरच्या घरी स्पोर्ट्स कार बनवायची होती. घरच्या घरी म्हणजे कोपरखैरण्याच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये, जिथे सिडकोच्या कल्पनेप्रमाणे एक स्कूटर आणि चार तुळशीच्या कुंड्या मावतात. गाडीला दोन सीट असतील, छप्पर नसेल, आणि सगळं मिळून वजन पाचशे किलो. पाचशेच का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "भावोजी, कुठेतरी थांबायला हवं ना." त्याच्या मते तो समजूतदारपणा होता.

या दुखण्याचा उगम इंग्लंडात आहे. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनिअरने १९५७ साली लोटस सेव्हन ही गाडी काढली. तिला चार चाकं, एक इंजिन आणि बसायला जागा होती. यापलीकडे तिच्यात काही शोधू नये. इंजिनाची ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर पळेल, वजन कमी केलं तर सगळीकडेच पळेल, असा चॅपमनचा सिद्धांत सांगतात. तयार गाडीवर तेव्हा इंग्लंडात जबर विक्रीकर होता. सुटे भाग घेऊन घरी जोडले तर तो वाचायचा. मात्र सोबत जोडणीची माहिती द्यायला बंदी होती. तेव्हा कंपनीने म्हणे गाडी खोलायची कशी याची माहिती दिली, आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी अशी सोय केली. हे ऐकल्यावर मला तो माणूस आपल्यातलाच वाटायला लागला. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अडीचशे पौंडांत घरी स्पोर्ट्स कार बनवण्याचं पुस्तक लिहिलं आणि जगभरच्या पोर्चमध्ये वेल्डिंगच्या ठिणग्या उडू लागल्या. त्यातली एक पंचवीस वर्षांनी कोपरखैरण्यात येऊन पडली.

इंजिनासाठी त्याने मारुती ओम्नी निवडली. हिंदी सिनेमात माणसं पळवण्यासाठी जी पांढरी गाडी वापरतात, ती. मी हसलो, तर त्याने मला हिशेब ऐकवला. ओम्नीचं ७९६ सीसीचं इंजिन उभं बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना. म्हणजे सांगाडा सेव्हनचा, आतडी ओम्नीची, असं सरळ जमतं. शिवाय इंग्लंडातल्या केटरहॅम कंपनीने, जिच्याकडे सेव्हनचे हक्क १९७३ पासून आहेत, २०२१ मध्ये सेव्हन १७० नावाची गाडी आणली. ती ४४० किलोंची आहे, आणि तिच्यात सुझुकीचंच ६६० सीसीचं छोटं इंजिन आहे. आणि आपल्याकडे कोईमतूरच्या करिवर्धन यांनी मारुती ८००च्या इंजिनावर एकासनी रेसगाड्या बनवल्याच होत्या. त्या फॉर्म्युला मारुतीवर नारायण कार्तिकेयनने रेसिंगची धुळाक्षरं गिरवली. एवढं सगळं एका दमात ऐकल्यावर मी ओम्नीला मनातल्या मनात नमस्कार केला. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल आला. बाकीची ओम्नी कुठे गेली ते आम्ही विचारलं नाही. तिथे ते विचारायची पद्धत नाही.

कायद्याचं इथेच सांगून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात. या गाडीला एमएच-४३ नंबर मिळणार नव्हता. गाडीचा नवा नमुना रस्त्यावर आणायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून चाचण्या करून घ्याव्या लागतात, आणि जुन्या गाडीचं मूळ रूप बदलायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. म्हणून ही गाडी रस्त्यावर न चालवता टेंपोत घालून कोईमतूरच्या करी ट्रॅकवर न्यायची आणि तिथे पळवायची, असं ठरलं. अंतर बाराशे किलोमीटरच्या वर. पाचशे किलोंची गाडी पळवायला आधी दोन टनांचा टेंपो तिथवर पळवायचा. यातली विसंगती मी बोलून दाखवली. मेहुणा म्हणाला, "टेंपोचं वजन गाडीत धरत नाहीत."

सांगाड्यासाठी एक इंची चौकोनी नळी लागते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात व्यापाऱ्याने मान वर न करता विचारलं, "किती टन?" मेहुणा म्हणाला, "पन्नास मीटर." व्यापाऱ्याने मान वर केली. त्यानंतर गेजचा प्रश्न आला. सोळा गेजच्या, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीच्या नळीचं वजन मीटरला साधारण १.१८ किलो, पन्नास मीटरचे झाले एकोणसाठ किलो. तीच नळी १.२ मिलिमीटरची घेतली तर पंचेचाळीस. चौदा किलो एका झटक्यात वाचत होते. मात्र पातळ नळी वेल्डिंगला जळते आणि दणक्याला लवते. मेहुणा दुकानाच्या पायरीवर बसून कुठल्या नळीवर ताण येतो आणि कुठली नुसती शोभेला आहे, याचा हिशेब करत राहिला. शेवटी थोडी ही, थोडी ती अशी खरेदी झाली. या व्यवहारात त्या व्यापाऱ्याला जेवढे पैसे मिळाले, तेवढ्याचा चहा त्याने आम्हाला पाजला.

सगळंच ॲल्युमिनियमचं का नाही करत, असा प्रश्न मी एकदा विचारला होता. तो विचारू नये. ॲल्युमिनियम पोलादाच्या एकतृतीयांश वजनाचं असतं हे खरं, पण ताठपणाही एकतृतीयांशच. म्हणजे नुसती अदलाबदल केली तर हाती काही लागत नाही. नळी मोठी घ्यायची, आकार बदलायचा, तेव्हा कुठे फायदा. लोटसने १९९६च्या एलिसला ॲल्युमिनियमचा सांगाडा चिकटवून बनवला. वेल्डिंग नाही, चक्क गोंद! हे मेहुणा अशा आवाजात सांगतो की समोरच्याने हात जोडावेत. आपल्याकडे गोंद म्हटला की माणूस राखीच्या पाकिटापर्यंत विश्वास ठेवतो.

वेल्डिंगला घणसोलीच्या गाळ्यातला ग्रिलवाला ठरवला. उत्तम कारागीर, निम्म्या कोपरखैरण्याच्या खिडक्या त्याने बंद केलेल्या. पण आयुष्यभर ज्याने चोराचा विचार केला, त्याला गाडीचा विचार कसा सुचावा? प्रत्येक सांध्याला तो आपण होऊन एक तिकोनी पट्टी लावायचा. मेहुण्याने ती कापायला सांगितली की त्याचा चेहरा पडायचा. "साहब, टूटेगा नहीं, इसलिए डाला. पैसा नहीं लूँगा." पैशाचा प्रश्न नव्हताच. दीडशे ग्रॅमचा होता.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की या कामात खरा शत्रू लोखंड नव्हे, सद्भावना. आपल्याकडे जीव लावायचा म्हणजे चार गोष्टी वर घालायच्या. भाजीवाली कोथिंबीर घालते, ग्रिलवाला पट्टी घालतो. कुणी काही काढून घेऊन प्रेम दाखवल्याचं मला आठवत नाही. फायबरच्या बॉडीचंही तेच झालं. तुर्भे एमआयडीसीत पाण्याच्या टाक्या, देवळांचे कळस आणि बागेतल्या घसरगुंड्या बनवणारा एक कारखाना आहे. त्याला साचा दिला आणि सांगितलं, काचतंतूच्या मॅटचे दोनच थर. बॉडी आली ती ठणठणीत. मेहुण्याने कडेला बोट लावलं आणि तो खाली बसला. मालक कौतुकाने म्हणाला, "दोन थरांत काय होणार? मी चार टाकलेत. शंभर वर्षं बघायला नको." घसरगुंडीवर पोरं उड्या मारतात, त्या हिशेबाने त्याचं बरोबरच होतं. बॉडी घेऊन येताना मेहुणा टेंपोत गप्प होता. सुतकात असतो तसा.

बोल्टांचं प्रकरण घरात घडलं. माझ्या बायकोने केकसाठी आणलेला डिजिटल काटा तो "दोन दिवसांसाठी" घेऊन गेला आणि त्यानंतर आमच्याकडे केक अंदाजाने होऊ लागला. आठ मिलिमीटरचा पोलादी बोल्ट सोळा ग्रॅम. तोच टायटॅनियमचा नऊ. पोलादी दहा रुपयांच्या आत, टायटॅनियमचा काही शे रुपयांना एक. साठ बोल्ट बदलले. वाचले किती? साठ साते चारशे वीस. चारशे वीस ग्रॅम. हा आकडा त्याने मला अतिशय गंभीरपणे सांगितला आणि मीही तितक्याच गंभीरपणे ऐकून घेतला. बायकोला मात्र ते जमलं नाही. "अरे, तू रात्री आमरस घेतोस तो किती ग्रॅमचा?" एवढंच ती म्हणाली. त्याने वाटी खाली ठेवली, विचार केला, आणि पुन्हा उचलली. चालकाचं वजन गाडीच्या वजनात धरत नाहीत म्हणे.

चाकांच्या बाबतीत मात्र मी त्याच्या बाजूचा आहे. स्प्रिंगच्या खाली जे असतं, म्हणजे चाक, टायर, ब्रेक, तिथला किलो सांगाड्यातल्या किलोपेक्षा महाग पडतो. खड्ड्यात चाक आपटलं की तेच वजन वर उसळतं, आणि स्प्रिंगला त्याला आवरत बसावं लागतं. चाक फिरवायला आणि थांबवायला जोर लागतो तो वेगळाच. म्हणून हलकी चाकं शोधायला आम्ही वाशीच्या ॲक्सेसरीच्या दुकानांत हिंडलो. अलॉय म्हणजे हलकं, असा सार्वत्रिक समज आहे. मेहुण्याने खिशातून विमानाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा काढला आणि दुकानदाराच्या डोळ्यांदेखत एकेक चाक टांगायला सुरुवात केली. बहुतेक चाकं ओम्नीच्या मूळ पोलादी चाकापेक्षा जड निघाली. कारण ती मोठी होती, चकचकीत होती, आणि त्यांच्यावर वाघाच्या पंजाची नक्षी होती. "साहेब, दिसायला भारी पाहिजे ना," दुकानदार म्हणाला. ते भारी होतंच. शेवटी ओम्नीचीच बारा इंची चाकं घासून पुसून बसवली. दुकानदाराने आम्हाला जाताना एक सुवासिक डबी फुकट दिली. तिचं वजन मेहुण्याने दुकानाबाहेर येऊन केलं.

सासऱ्यांचा या सगळ्याला मुळातूनच विरोध. त्यांनी जन्मभर प्रीमियर पद्मिनी चालवली, तिला शेवटपर्यंत फियाट म्हटलं, आणि इतर कुठलीही गाडी दिसली की तिच्या बॉनेटवर अंगठा दाबून निकाल दिला : "पत्रा पातळ आहे." ही एक आख्खी पिढी आहे. गाडीचं दार लावताना 'धप्प' आवाज आला पाहिजे. 'टण्' आला तर पैसे फुकट. नॅनोला याच पिढीने बुडवलं, असं मेहुण्याचं ठाम मत. नॅनोला प्रत्येक चाकाला चारऐवजी तीन नट होते, पुढच्या काचेला एकच वायपर होता, आणि सगळी गाडी सहाशे किलोंच्या आसपास. आपण तिला हसलो. आणि पोर्शेने ९११ जीटी३ आरएसमध्ये दाराची आतली मूठ काढून तिथे कापडी पट्टी लावली, तर लोक त्या पट्टीचे फोटो काढतात. "जावईबापू," सासरे मला म्हणाले, "पट्टी ओढून दार उघडायचं तर आपली एसटी काय वाईट होती?" या गाडीला दारच नाही, हे त्यांना सांगायची हिंमत आमच्यात नव्हती.

रंगावरून मात्र बापलेकात जुंपली. १९३४ साली जर्मनीत रेसगाडीला ७५० किलोंची मर्यादा होती. मर्सिडीज एक किलो जास्त भरली, तेव्हा रातोरात पांढरा रंग खरवडून काढला आणि दुसऱ्या दिवशी चंदेरी गाडी शर्यतीला उतरली, अशी दंतकथा आहे. इतिहासकार हिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. मेहुणा ठेवतो. म्हणून गाडीला रंग नको. सासरे म्हणाले, "खाडी दोन किलोमीटरवर आहे. गंजेल." आणि म्हातारा बरोबर निघाला. पोलादी नळीवर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला; दोन वेगळे धातू चिकटलेले आणि मध्ये खारट दमट हवा, म्हणजे शाळेतल्या प्रयोगातला विजेचा घटच. त्यात बळी जातं ते ॲल्युमिनियम. दिवाळी ते होळी एवढ्यात रिव्हेटांभोवती पांढरी भुकटी दिसायला लागली. मग रिव्हेट तोडून मध्ये सीलंटचा थर, नळ्यांना प्रायमर, वर रंग. सासऱ्यांनी स्वखर्चाने आणखी एक हात मारून घेतला.

आणि मग पावसाळा. वजन कमी करण्यासाठी मेहुण्याने गाडीभर भोकं पाडली होती. पेडलला भोकं, कंसांना भोकं, सीटच्या पाठीला भोकं. भोकं नसलेला एकच भाग होता : तळ. तो त्याने सीलंट लावून असा बंद केला होता की थेंब आत येऊ नये. थेंब खालून येत नाही, वरून येतो, हे नवी मुंबईत जन्मलेल्या माणसाने विसरावं! त्यातून झाकायला ताडपत्री न आणता पातळ प्लॅस्टिक आणलेलं, कारण ताडपत्री जड. झाकणाचं वजन गाडीत कुठल्या हिशेबाने धरलं ते मी अजून विचारतो आहे. प्लॅस्टिक रात्री समोरच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर गेलं. शंभर मिलिमीटर पाऊस, वरून उघडी जागा सव्वा चौरस मीटर, म्हणजे सव्वाशे लिटर पाणी, सव्वाशे किलो. बोल्टांचे चारशे वीस ग्रॅम, पातळ नळीचे किलो, लेड-ॲसिडऐवजी लिथियमची बॅटरी घेऊन वाचवलेले सहा-सात किलो, सगळं त्या तळ्याच्या बुडाशी शांत होतं. मेहुण्याने ड्रिल आणलं आणि गाडीतली सर्वांत उपयोगी चार भोकं पाडली.

शेजारी एक काका राहतात. कांदा-बटाटा बाजारात माथाडी म्हणून त्यांची हयात गेली, मूळ पाटणचे. पोतं पन्नास किलोच्या वर नको, ही मागणी ज्यांनी पाठीवर सोसून मग तोंडाने केली, त्या पिढीतले. ते गाडीकडे रोज बघायचे, बोलायचे नाहीत. दसऱ्याच्या दिवशी पूजा झाली. सासूबाईंनी डॅशबोर्डवर पितळी गणपती बसवला (सहाशे चाळीस ग्रॅम, मेहुण्याने आईच्या देखत तोलला नाही, नंतर तोलला), पुढे झेंडूचा हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तेव्हा काका पुढे आले. मागच्या बाजूला हात घालून गाडी वीतभर उचलली, खाली ठेवली. मग पुढून उचलली.

"साडेपाच क्विंटल," काका म्हणाले. "जरा इकडं-तिकडं."

"पाचशे आहे काका. हिशेब आहे माझ्याकडे," मेहुणा म्हणाला.

"आसंल की. कागदावर कमीच भरतंय."

पुढच्या आठवड्यात टेंपोत घालून गाडी वजनकाट्यावर नेली. हा काटा ट्रकांचा. दहा किलोंच्या खालचं त्याला कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. मेहुण्याने गणपती काढून माझ्या हातात दिला; परत बसवला; पुन्हा काढला. आम्ही गाडी ढकलत काट्यावर आणली. केबिनमधल्या पोराने खिडकीतून विचारलं, "भरलेली की खाली?"

"खाली," मेहुणा म्हणाला.

"मग बॉडी कुठंय?"

काट्यावर आकडा आला : ५५०. मेहुणा बराच वेळ त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ५४६ असेल, काटा वर ढकलतो. मग म्हणाला, पेट्रोलची टाकी अर्धी आहे. मग गाडीभोवती फिरून त्याने हिशेब लावायला सुरुवात केली : फायबरवाल्याचे दोन थर, ग्रिलवाल्याच्या ज्या पट्ट्या कापायच्या राहिल्या त्या, बाबांचा रंग, सीलंट. एकेक माणूस आठवून तो त्याचे किलो मोजत होता. मी गणपती धरून उभा होतो.

पोराला पावती छापायची घाई होती, मागे खडीचा डंपर हॉर्न देत होता. गाडीचा नंबर नाही म्हटल्यावर त्याने टेंपोचा घातला. 'माल' या रकान्यात काय लिहायचं, तर कॉम्प्युटरवर ठरलेली यादी होती. रेती, खडी, सळई, कॉइल, भंगार. त्याने एकदा गाडीकडे नीट पाहिलं आणि त्यातल्या त्यात जवळचं निवडलं.

पावती मेहुण्याकडे आहे. लॅमिनेट करून घे म्हटलं, तर नको म्हणाला. ती गाडीतच ठेवायची आहे.